शेपूट घालण्याची विद्या

आठवडाभर ताप हटेना की डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात आणि संध्याकाळी लॅबमधून एक कागद हातात पडतो. त्यावर चार ओळी असतात: टीओ, टीएच, एएच, बीएच. त्यांच्यापुढे १:८०, १:१६० असे आकडे. विडाल टेस्टचा असा एखादा रिपोर्ट महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत जुन्या फायलीत सापडेल. आपण तो डॉक्टरांपुढे सरकवतो, ‘टायफॉइड निघाला का?’ एवढं विचारतो आणि गोळ्या घेऊन घरी येतो. टीएच म्हणजे काय, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

तो आकडा शेपट्यांचा असतो. टायफॉइडच्या जीवाणूला, म्हणजे साल्मोनेला टायफीला, अंगभर लांबलचक शेपट्या असतात. पाठ्यपुस्तकात त्यांना कशाभिका म्हणतात. इथे शेपूटच म्हणू. या शेपट्यांविरुद्ध आपल्या रक्तात किती प्रतिपिंडं तयार झाली आहेत, त्याचं माप म्हणजे टीएच. पॅरिसच्या फेर्नां विडाल यांनी १८९६ मध्ये दाखवलेली ही युक्ती अगदी सरळ आहे. मेलेल्या जीवाणूंच्या द्रावात रुग्णाच्या रक्ताचं सिरम पातळ करत करत मिसळायचं आणि गुठळ्या कुठपर्यंत होतात ते बघायचं. शेपट्या एकमेकींत अडकून झालेल्या गुठळ्या सैल आणि पिंजलेल्या दिसतात, तर जीवाणूच्या अंगावरच्या आवरणामुळे झालेल्या, म्हणजे टीओच्या, बारीक आणि रवाळ. (निदानासाठी ही चाचणी काही फार भरवशाची नाही. शेपटीविरुद्धची प्रतिपिंडं जुन्या आजारानंतर किंवा लशीनंतरही रेंगाळतात. रक्ताचं कल्चर केलेलं केव्हाही चांगलं.)

खरी गंमत पुढेच आहे. ज्या शेपटीवरून आपण या जीवाणूला ओळखतो, ती लपवण्यात त्याच्याइतका वाकबगार दुसरा नसेल. शेपूट कधी काढायचं, किती काढायचं, कोणत्या जातीचं काढायचं आणि कधी मुकाट्याने घालायचं, हे ठरवण्यासाठी त्याच्या साल्मोनेला कुळाकडे जनुकांची एक अख्खी यंत्रणा आहे. गेली सत्तरेक वर्षं ती उलगडण्याचं काम चालू आहे, आणि जसजसं कळत जातं तसतसा अचंबा वाढतच जातो.

आधी शेपूट म्हणजे काय, ते जवळून बघू. साल्मोनेलाची पेशी जेमतेम दोन मायक्रोमीटर लांब. शेपूट तिच्या पाचपट, दहा मायक्रोमीटर किंवा त्याहूनही जास्त, पण जाडी फक्त २० नॅनोमीटर. अशी पाच-दहा शेपटं अंगावर इथेतिथे उगवलेली. ही शेपटं वळवळतात आणि त्यामुळे जीवाणू पुढे जातो, अशी समजूत होती. १९७३ मध्ये हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी तोवरचे पुरावे एकत्र मांडून म्हटलं की नाही, शेपूट बुडापासून गोल फिरतं. सजीवात फिरणारा आस? पुष्कळांना ते पटेना.

पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात मायकेल सिल्व्हरमन आणि मेल्विन सायमन यांनी वाद मिटवला. त्यांनी ई. कोलायचा असा एक वाण घेतला, ज्याला शेपूट नव्हतं, पण शेपटीच्या बुडाशी जो आकडा, म्हणजे हूक, असतो तो मात्र वेड्यासारखा लांब वाढलेला. त्या आकड्याला चिकटणारी प्रतिपिंडं वापरून त्यांनी जीवाणू काचेला आकड्याने जखडला. आता बुडातल्या मोटरीला आकडा फिरवता येईना, मग तिने जीवाणूच फिरवला. सूक्ष्मदर्शकाखाली अख्खी पेशी जागच्या जागी गरगर फिरताना दिसली. काही क्षण एका दिशेने, मग थबकून उलट दिशेने. तो बेसुमार लांब आकडा ध्यानात ठेवा. त्याचं कारण पुढे येणार आहे.

या मोटरीला ऊर्जा मिळते ती पेशीच्या पटलातून आत येणाऱ्या प्रोटॉनच्या प्रवाहातून. ती सेकंदाला शेकडो फेरे घेते. एका दिशेने फिरताना सगळी शेपटं एका जुड्यात वळली जातात आणि जीवाणू सरळ धाव घेतो. दिशा उलटली की जुडा सुटतो, जीवाणू कोलांट्या खातो आणि नव्या दिशेला तोंड करतो. एवढ्याशा जीवाला पाणी इतकं चिकट लागतं की मोटर थांबली तर तो अणूच्या रुंदीइतकंही पुढे घरंगळत नाही, असं भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी हिशेबाने दाखवलं होतं. थोडक्यात, पोहायचं तर मोटर सतत चालू हवी.

आता बांधकाम. साल्मोनेलात या कामाला साठहून अधिक जनुकं लागतात. पटलात रोवलेली मोटर, तिच्यातून बाहेर येणारा दांडा, दांड्यावर ५५ नॅनोमीटरचा वाकडा आकडा आणि आकड्याच्या टोकाला शेपूट, असा क्रम. एका शेपटीत फ्लॅजेलिन नावाच्या एकाच प्रथिनाचे सुमारे २०,००० रेणू एकावर एक रचलेले असतात. प्रत्येक रेणूत पाचशेच्या आसपास अमिनो आम्लं, म्हणजे एका शेपटीला एक कोटीच्या घरात अमिनो आम्लं लागली. शेपटं पाच-दहा. त्यात वीस-तीस मिनिटांत पेशी दुभंगून दोन होते, आणि नव्या पेशीलाही शेपटं हवीतच. सूक्ष्म जीवाच्या मानाने हा खर्च राजेशाही म्हणायला हवा.

त्याहून मोठी अडचण अशी की शेपूट बांधायचं आहे पेशीच्या बाहेर आणि माल तयार होतो आत. हा माल शेपटीच्या आतल्या पोकळीतून जातो. त्या पोकळीची रुंदी जेमतेम दोन नॅनोमीटर. घडी घातलेलं फ्लॅजेलिन तीत मावत नाही, म्हणून ते उलगडून, दोऱ्यासारखं सरळ करून आत सारलं जातं. ते अख्ख्या शेपटीची लांबी पार करून टोकाला पोचतं आणि तिथे पाच रेणूंच्या एका टोपीखाली पुन्हा घडी घेऊन बसतं. म्हणजे शेपूट केसासारखं बुडाशी वाढत नाही, टोकाला वाढतं. हे जपानच्या तेत्सुओ ईनो यांनी १९६९ मध्ये सुरेख दाखवून दिलं. वाढत्या साल्मोनेलाला त्यांनी नेहमीच्या अमिनो आम्लाऐवजी थोडं वेगळं, फ्लोरिन जोडलेलं अमिनो आम्ल चारलं. त्यातून झालेलं शेपूट कुरळं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर शेपटीचा जुना भाग सरळ लहरींचा आणि टोकाकडचा नवा भाग कुरळा.

इथे एक पेच उभा राहतो. आकडा पुरा व्हायच्या आधीच फ्लॅजेलिन बनवायला लागलो तर हजारो रेणू पेशीत तुंबतील. बाहेर जायला वाट नाही आणि आत काही उपयोग नाही. उशीर केला तर तयार आकडा बोडका राहील. म्हणजे आकडा पुरा झाला हे जनुकांना कळायला हवं. जनुकं आत आहेत, आकडा बाहेर आहे, आणि पेशीला ना डोळा ना हात.

उत्तर शोधायला दशकं लागली. आधी कळली ती उतरंड. सगळ्यात वर एक जोडजनुक, त्याला प्रयोगशाळेत फ्लह-डीसी म्हणतात. ते चालू झालं की त्याच्या प्रथिनांचं एक षटक तयार होतं आणि ते दुसऱ्या फळीची जनुकं चालू करतं. मोटर, दांडा आणि आकडा हे सगळं दुसऱ्या फळीचं काम. त्याच फळीत आणखी दोन प्रथिनं तयार होतात. एक सिग्मा-२८: जनुक वाचणाऱ्या यंत्राला ‘आता तिसऱ्या फळीची जनुकं वाच’ असं सांगणारं. आणि दुसरं फ्लग-एम: सिग्मा-२८ च्या मानगुटीवर बसून त्याला गप्प करणारं. फ्लॅजेलिनचं जनुक तिसऱ्या फळीत. म्हणजे हुकूम देणारा आणि त्याचं तोंड दाबणारा, दोघेही एकाच वेळी तयार ठेवलेले. उतरंडीचा हा भाग उकलण्यात जपानच्या काझुहिरो कुत्सुकाके यांचा मोठा वाटा आहे.

मग फ्लग-एम हलतं कसं? केली ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ‘सायन्स’मध्ये जे छापलं ते वाचून मी पहिल्यांदा हसलो होतो, इतकं ते सोपं आहे. त्यांनी फ्लग-एम शोधलं पेशीच्या बाहेर, जीवाणू ज्या द्रावात वाढत होते त्या द्रावात. धडधाकट जीवाणूंच्या द्रावात ते सापडलं. आकडा पुरा करता न येणाऱ्या जीवाणूंच्या द्रावात नाही. तिथे ते पेशीतच साचलेलं होतं. आकडा पुरा झाला की जीवाणू फ्लग-एमला त्याच पोकळीतून बाहेर फेकतो. ते गेलं की सिग्मा-२८ मोकळं होतं आणि फ्लॅजेलिनचं उत्पादन सुरू.

नवी नळजोडणी झाली की प्लंबर भिंत फोडून पाइप तपासत बसत नाही. तो पाणी सोडतो. पलीकडे धार लागली की जोड पुरा. साल्मोनेला नेमकं तेच करतो, फक्त त्याने सोडलेलं पाणी हेच उत्पादनावरचं कुलूप असतं. तपासणी आणि परवानगी अशी दोन वेगळी कामं त्याला करावी लागत नाहीत.

तपशिलात शिरलं की आणखी मौज आहे. फ्लग-एम अवघं ९७ अमिनो आम्लांचं आणि एकटं असताना बरंचसं सैल, घडी न घातलेलं असतं. त्या चिंचोळ्या पोकळीतून जायला हे बरंच. आणि त्याला बाहेरच्या दारापर्यंत नेऊन सोडतं कोण, तर ज्याचं तोंड त्याने दाबलं होतं ते सिग्मा-२८ च. कैदी पहारेकऱ्याला वेशीपर्यंत पोचवायला जातो आणि वेशीवरून एकटाच परत येतो.

पण आकडा पुरा म्हणजे किती? ५५ नॅनोमीटर. ही लांबी मोजतं फ्लि-के नावाचं प्रथिन. आकडा वाढत असताना हे प्रथिन मधूनमधून त्याच पोकळीतून बाहेर पाठवलं जातं. पुढचं टोक बाहेर, मागचं टोक अजून दाराशी. आकडा आखूड असेल तर ते सुर्रकन निघून जातं. आकडा पुरेसा लांब असेल तर जाता जाता त्याच्या मागच्या टोकाला दाराच्या झडपेशी टेकायला वेळ मिळतो, आणि झडप बदलते: आता आकड्याचा माल बंद, शेपटीचा माल सुरू. फ्लग-एमही याच दुसऱ्या मालात मोडतं. फ्लि-के प्रथिनच मुद्दाम लांब केलं तर आकडाही लांब होतो, हे नंतर प्रयोगांनी दाखवलं. आणि फ्लि-के अजिबातच नसेल तर? मोजणारं कुणी नाही, आकडा वाढतच राहतो. १९७४ मध्ये काचेला जखडलेल्या त्या जीवाणूचा बेसुमार लांब आकडा नेमका याच दोषातून आलेला.

मला यात सगळ्यात जास्त आवडतं ते हे की कुठेही नकाशा नाही. कुठल्याही जनुकात ‘५५ नॅनोमीटर’ लिहिलेलं नाही. एका प्रथिनाची लांबी आणि दुसऱ्याचं बाहेर पडणं, एवढ्यावर सगळा कारभार चालतो.

शेपूट कसं काढायचं ते झालं. काढायचं की नाही, हा प्रश्न मात्र राहतोच, आणि रोग घडवणाऱ्या जीवाणूंमध्ये तोच जास्त महत्त्वाचा. त्याचा निकाल लागतो सर्वांत वर, फ्लह-डीसीपाशी. तिथे पेशीच्या सगळ्या खबरा येऊन पडतात: अन्न किती, तापमान काय, पटलावर ताण आहे का. ई. कोलाय उपाशी राहिला की शेपटं काढून अन्नाच्या शोधात निघतो. साल्मोनेला उलटा वागतो. अन्नाची ददात असली की त्याच्यात वायडीव्ही नावाचं प्रथिन वाढतं, ते फ्लह-डीसीच्या षटकाला धरून मोडीत काढायला पाठवतं आणि शेपटं थांबतात. अन्नाची रेलचेल असली की शेपटं. आतड्यात अन्न भरपूर, आणि आतड्याच्या भिंतीत घुसायला पोहता येणं गरजेचं, हे लक्षात घेतलं तर ही उलटी रीत इतकी चमत्कारिक वाटत नाही.

याहून मजेदार गोष्ट अशी की एकाच भांड्यात, एकाच अन्नावर, एकाच आईच्या पोटच्या साल्मोनेला पेशी ठेवल्या तरी काही शेपटं काढतात आणि काही काढत नाहीत. मधलं काही नाही. हो किंवा नाही. शेपटीच्याच कामातलं एक प्रथिन वायडीव्हीला दाबतं आणि वायडीव्ही शेपटीला दाबतं. दोघांच्या या रस्सीखेचीत पेशी एका बाजूला तरी पडते किंवा दुसऱ्या. जीवाणूंच्या घराण्याला हे परवडतं: सगळे एकदम पकडले जात नाहीत.

पकडले जातात म्हणजे? फ्लॅजेलिन आपल्या शरीराला फार लवकर ओळखू येतं. आतड्याच्या आणि रोगप्रतिकारक पेशींच्या पटलावर टीएलआर-५ नावाचा एक ग्राहक असतो. तो फ्लॅजेलिन पकडतो, हे २००१ मध्ये कळलं. हा ग्राहक फ्लॅजेलिनचा जो भाग चाचपतो तो शेपटीच्या बाहेरच्या अंगाचा नाही, आतल्या बाजूचा आहे, जिथे एक रेणू दुसऱ्याला अडकतो तिथला. तो भाग बदलला तर शेपूटच जुळणार नाही. म्हणजे शरीराने जीवाणूची दुखरी नस धरली आहे. पोटात अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा या नियमाला एक अपवाद: त्याने तो भाग बदलला, त्यामुळे आलेला ढिलेपणा दुसरीकडे बदल करून भरून काढला आणि टीएलआर-५ ला चकवलं. साल्मोनेलाला ते जमलेलं नाही.

मात्र त्याने शेपटीची बाहेरची बाजू बदलायला घेतली. लंडनच्या फ्रेडरिक अँड्र्यूज यांना १९२२ मध्ये दिसलं की एकाच वंशाच्या साल्मोनेला जीवाणूंमध्ये दोन जातींची शेपटं निघतात, आणि एका जातीवर तयार झालेली प्रतिपिंडं दुसरीला ओळखत नाहीत. एका पेशीची पिलावळ पिढ्यानपिढ्या एकाच जातीचं शेपूट काढत राहते आणि मग मध्येच एखादी पेशी दुसऱ्या जातीवर जाते. हे उत्परिवर्तन म्हणावं तर फार वेळा घडतं, दर हजार ते लाख पेशींमागे एकदा, आणि परतही फिरतं. पंचावन्न वर्षांनी, १९७७ मध्ये, मायकेल सिल्व्हरमन आणि मेल्विन सायमन यांच्याच प्रयोगशाळेने उलगडा केला. जीवाणू काचेला जखडणारी हीच ती जोडी. साल्मोनेलाच्या डीएनएचा सुमारे हजार अक्षरांचा एक तुकडा आहे. एक विकर तो तुकडा कापतं, उलटा फिरवतं आणि परत चिकटवतं. तुकड्याच्या एका टोकाला जनुक चालू करणारी खूण आहे. तुकडा सुलटा असला की ती खूण शेजारच्या फ्लॅजेलिन जनुकाकडे तोंड करून असते: दुसऱ्या जातीचं फ्लॅजेलिन तयार होतं, आणि बरोबर एक प्रथिन असं तयार होतं जे दूर बसलेल्या पहिल्या जातीच्या जनुकाला दाबून ठेवतं. तुकडा उलटा झाला की हे दोन्ही बंद आणि पहिली जात मोकळी.  म्हणजे शेपटीची जात बदलायला जीवाणू चक्क डीएनएचाच तुकडा फिरवतो.

गंमत म्हणजे टायफॉइडच्या जीवाणूला ही सोय नाही. साल्मोनेलाचे अडीच हजारांहून जास्त प्रकार शेपटं आणि आवरण यांवरून ओळखले जातात, त्यातले पुष्कळ दोन जातींची शेपटं काढतात; टायफी मात्र साधारणपणे एकाच जातीवर अडून आहे. रिपोर्टवरचा टीएच ती एकच जात मोजतो. शेपूट बदलून प्रतिपिंडांना चकवण्याचा मार्ग त्याने सोडला आणि दुसरा धरला.

त्याआधी एक प्रयोग सांगायला हवा. साल्मोनेला आपल्या महाभक्षी पेशींच्या पोटात जाऊन राहतो, म्हणजे आपल्याला गिळून टाकायला आलेल्या पेशीतच बिऱ्हाड मांडतो. आत गेल्यावर तो फ्लॅजेलिन बनवणं थांबवतो. का, हे बघण्यासाठी अमेरिकेत एडवर्ड मियाओ आणि सहकाऱ्यांनी असा वाण तयार केला, ज्याला आतही फ्लॅजेलिन बनवावंच लागेल. २०१० मध्ये त्यांचा निकाल आला. महाभक्षी पेशीच्या आत फ्लॅजेलिन टिपणारा दुसरा पहारा आहे. त्याला सुगावा लागताच पेशी फुगून स्वतःच फुटते, जीवाणू उघड्यावर पडतो आणि श्वेतपेशी त्याचा फडशा पाडतात. उंदरांच्या शरीरातून तो वाण झपाट्याने साफ झाला. आत गेल्यावर शेपूट घातलं नाही तर काय होतं, ते यात दिसलं.

टायफी याच्याही पुढे जातो. त्याच्याकडे व्ही-आय नावाची एक साखरेची गादी आहे. ती जीवाणूला बाहेरून झाकते. ती बनवणाऱ्या जनुकांच्या गटातच टीव्हीआय-ए नावाचं एक नियामक आहे, आणि ते फ्लह-डीसीलाही दाबतं. म्हणजे गादी पांघरण्याचा हुकूम आणि शेपूट घालण्याचा हुकूम एकाच बटणात. ते बटण दाबतं कोण? क्षारांचं प्रमाण. आतड्याच्या पोकळीत द्राव घट्ट असतो, तिथे टीव्हीआय-ए गप्प, शेपटं बाहेर. जीवाणू आतड्याच्या भिंतीतून आतल्या ऊतींत उतरला की द्राव पातळ होतो, टीव्हीआय-ए जागं होतं, शेपूट आत आणि गादी बाहेर. आतड्यात पोहण्याची हौस भागवायची आणि घरात शिरताना वेशांतर करायचं. म्हणूनच इतर साल्मोनेलांची विषबाधा एका दिवसात जुलाबांचा धडाका लावते, आणि हा जुन्या लोकांचा ‘मुदतीचा ताप’ पहिला आठवडा-दोन आठवडे चाहूलच लागू देत नाही. तरीही टीएच वाढतोच, म्हणजे ही लपवाछपवी सोळा आणे साधत नाही. आतड्याच्या भिंतीपाशी शरीराला शेपूट दिसलेलं असतंच.

आता ज्या गादीत तो लपतो तीच त्याच्यावर उलटवली गेली आहे. व्ही-आय गादीची साखर धनुर्वाताच्या विषाच्या निर्विष केलेल्या प्रथिनाला जोडून हैदराबादेत लस तयार झाली, आणि २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षं वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. सार्वजनिक कार्यक्रमात ही लस वापरण्याच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या मोहिमांपैकी ती एक.

शेपूट घालण्याच्या तऱ्हा इतरांच्याही आहेत. फ्रिजमधल्या चीजमध्येसुद्धा वाढणारा लिस्टेरिया फक्त तापमान बघतो. थंडाव्यात शेपटं, ३७ अंशांना, म्हणजे माणसाच्या अंगात, बंद. त्याच्याकडे शेपटीची जनुकं दाबणारं एक प्रथिन आहे आणि त्या प्रथिनाला धरून ठेवणारं दुसरं. हे दुसरं उष्णतेने आकार बदलतं, पकड सुटते आणि शेपटं थांबतात. प्रथिनाचाच थर्मामीटर. हगवणीच्या शिगेलाने तर कटकटच ठेवली नाही: ई. कोलायच्याच कुळातल्या या जीवाणूची शेपटीची जनुकं मोडली आहेत, आणि तो पेशींच्या आत दुसऱ्याच उपायाने सरपटतो.

पण मोडण्याची सगळ्यात मोठी गोष्ट प्लेगची. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरने पहिला रोगी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत मुंबई ओस पडू लागली, मग पुणे. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच गेल्या. आणि एवढा हाहाकार करणारा यर्सिनिया पेस्टिस पोहू शकत नाही. त्याचा सख्खा पूर्वज, यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस, गार तापमानाला मजेत पोहतो. प्लेगच्या जीवाणूच्या जीनोममध्येही शेपटीची बरीचशी जनुकं अजून बसलेली आहेत. पण सगळ्यांत वरच्या फ्लह-डीसीमधल्या ‘डी’ जनुकात मध्येच एक अक्षर जास्तीचं शिरलं आहे. त्यापुढचा सगळा मजकूर एका अक्षराने सरकला आणि प्रथिन निकामी झालं. माळ्यावर सामान पडून आहे, पण हुकूम द्यायला कुणी नाही. तोटा काहीच झाला नाही, कारण प्लेगला पोहायची गरजच उरली नव्हती. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों यांनी कराचीत दाखवलं की त्याची ने-आण पिसू करते.

हे अक्षर कधी शिरलं असावं, याचा अंदाज २०१५ मध्ये जुन्या माणसांच्या दातांतून आला. कांस्ययुगातल्या दातांत अडकलेला प्लेगच्या जीवाणूचा डीएनए डेन्मार्कमधल्या संशोधकांनी वाचला. सायबेरियात सुमारे ४,८०० वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या दातातल्या जीवाणूत फ्लह-डीसी शाबूत होतं, आणि पिसवेच्या पोटात तग धरायला लागणारं जनुक मात्र नव्हतं. अर्मेनियात सुमारे ३,००० वर्षांपूर्वी मेलेल्याच्या दातात पिसवेसाठीचं ते जनुक आलेलं होतं, आणि शेपटीचं ते एक अक्षर चुकलेलं होतं.